‘माय’ला सर्वनाम म्हणणाऱ्यांना

इंग्रजीतला ‘माय’ हा शब्द सर्वनामच आहे, त्याला विशेषण म्हणणारी पुस्तके चुकली, असे मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या आमच्या शहापुरात सध्या मुलांना ठासून सांगितले जाते. सांगणाऱ्या गृहस्थांचे तर्कट एवढेच : ‘मी’ सर्वनाम, ‘माझा’ ही त्याची षष्ठी, ‘माय’ म्हणजे ‘माझा’, म्हणून ‘माय’ही सर्वनाम. शब्दाचे कूळ सांगितले की त्याचे काम सांगितले, असे त्यांना वाटते. तसे असेल तर शहापुरातल्या किती विणकरांची मुले आज मागावर बसतात?

मुळात पायाच कच्चा आहे. ‘माझा’ तरी मराठीत कसा वागतो ते पाहा. माझा वाडा, माझी वही, माझे घर. मोठा वाडा, मोठी वही, मोठे घर. ‘मोठ्या घरात’ म्हणतो तसेच ‘माझ्या घरात’ म्हणतो. लिंग बदलले, वचन बदलले, नामाला प्रत्यय लागला, की ‘माझा’ मुकाट्याने ‘मोठा’च्या मागे चालतो. उगाच नाही संस्कृत वैयाकरणांनी षष्ठीला कारकांत बसवले नाही; तिचे नाते क्रियापदाशी नसते, नामाशी असते. ज्या ‘माझा’च्या जोरावर ‘माय’ला सर्वनाम ठरवायचे, तोच विशेषणाच्या पंगतीत बसलेला आहे!

जुने इंग्रज वैयाकरण ‘माय’ला सर्वनाम म्हणत, हा त्यांचा दुसरा मुद्दा. पण लिंडली मरे या वैयाकरणाने 1795 सालीच अशा शब्दांत सर्वनाम आणि विशेषण दोहोंचे गुण आहेत असे मांडले होते. घरोघरचे रेन-मार्टिनचे व्याकरणही नामाआधीच्या ‘माय’ला विशेषणच म्हणते.

तिसरा आक्षेप कन्नडवर : इंग्रजीच्या तासाला कन्नड आणू नका, मुले गोंधळतात. हा वाद आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. कन्नड कानावर पडले की मराठी बाटते, अशी भीती घालणारेही हेच. बाजारात दोन्ही भाषा लीलया बोलणारे पोर वर्गात आल्यावर गोंधळेल कशाला? उलट इथे कन्नडच उपयोगी पडते. ‘इदु नन्न पुस्तक’ आणि ‘ई पुस्तक नन्नदु’ हा फरक ते रोज करते. ‘नन्न’ म्हणजे ‘माय’, ‘नन्नदु’ म्हणजे ‘माईन’. मराठीत दोन्हीकडे ‘माझे’च येते, म्हणून केवळ मराठीवरून शिकवले की ‘धिस बुक इज माय’ लिहिले जाते.

तेव्हा शब्दाची जागा पाहावी. पुढे नाम असेल तर ‘माय’, ‘हर’, ‘अवर’. नाम गाळून त्याचीही जागा घेतली तर ‘माईन’, ‘हर्स’, ‘अवर्स’, आणि हीच खरी सर्वनामे. ‘हिज’ दोन्हीकडे तसाच राहतो, तो वेगळा सांगावा. ‘माय’ निव्वळ विशेषणही नाही, हे मला मान्य आहे. ‘धिस न्यू बुक’ चालते, आजच्या इंग्रजीत ‘धिस माय बुक’ चालत नाही. आधुनिक व्याकरण त्याला निर्धारक म्हणते, ते वरच्या वर्गात खुशाल शिकवा. पाचवीच्या पोराला आधी ‘नन्न’ आणि ‘नन्नदु’ आठवू द्या.