एक नव्हे, नऊ पत्रे लिहा!

सहा ऑगस्ट, हिरोशिमा दिन. श्रीवर्धनच्या एका शाळेत त्या दिवशी झालेल्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. बाहेर पावसाने धरलेले, समोर सुपारीच्या वाड्या आणि पलीकडे खवळलेला समुद्र. विषय होता 'अण्वस्त्रमुक्त जग'. मुले तयारीने आणि तळमळीने बोलली. समारोपाला एक पाहुणे उभे राहिले. स्वतःची ओळख त्यांनी 'शांततेचा कार्यकर्ता' अशी करून दिली, अणुबॉम्बविरुद्ध लढलेल्या थोर शास्त्रज्ञांची नावे सांगितली आणि प्रत्येक मुलाच्या हातात एकेक पोस्टकार्ड ठेवले. मजकूर फळ्यावर लिहून दिला होता. मागणी एकच, भारताने आपली अण्वस्त्रे मोडीत काढावीत. पत्ताही एकच, पंतप्रधान, नवी दिल्ली.

नववीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, बाकीच्या देशांना कुणी लिहायचं?"

पाहुणे हसले. "सुरुवात आपल्या घरापासून करायची असते, बाळ." टाळ्या झाल्या, कार्डांचा गठ्ठा बांधला गेला आणि मुलीचा प्रश्न तसाच राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर देणे हे मोठ्या माणसांचे कर्तव्य आहे. ज्या शास्त्रज्ञांची नावे त्या दिवशी घेतली गेली, त्यांची पत्रे कोणाकोणाच्या पत्त्यावर गेली होती, हे पाहिले तरी उत्तर मिळते.

दोन्ही दरवाजे ठोठावणारा

लायनस पॉलिंग हे विसाव्या शतकातील अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ. रासायनिक बंधावरील संशोधनासाठी त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या माणसाचा रोजचा टपाल म्हणजे एक अजब मिश्रण होते. एका पाकिटात प्रथिनांच्या रचनेविषयीची चर्चा, तर दुसऱ्यात अणुचाचण्यांमुळे दुधात उतरणाऱ्या स्ट्रॉन्शियम-९० ची चिंता. हा सारा पत्रसंग्रह आज ऑरेगॉन राज्य विद्यापीठात जतन केलेला आहे. चाचण्या थांबवाव्यात या आवाहनावर त्यांनी मुख्यतः टपालाच्याच बळावर जगभरातील शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा केल्या आणि जानेवारी १९५८ मध्ये नऊ हजारांहून अधिक सह्यांचे ते निवेदन संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या हाती दिले.

याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. १९५२ मध्ये त्यांना पारपत्र नाकारण्यात आले. १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने त्यांना बोलावून, सह्या गोळा करण्यास कोणी कोणी मदत केली त्यांची नावे मागितली. पॉलिंग यांनी ती देण्यास स्पष्ट नकार दिला. एप्रिल १९६२ मध्ये ते व्हाइट हाउससमोर फलक घेऊन उभे राहिले आणि नंतर नोबेल विजेत्यांसाठीच्या मेजवानीला त्याच वास्तूत अध्यक्ष केनेडी यांचे पाहुणे म्हणून गेले.

पाहुण्यांच्या 'घरापासून सुरुवात' या वाक्याला येथे आधार सापडतो, हे मान्य केले पाहिजे. पण पॉलिंग यांचे घर कोणते होते? जगातील सर्वांत बलाढ्य अण्वस्त्रधारी राष्ट्र. बॉम्ब प्रत्यक्ष शहरांवर टाकणारे एकमेव राष्ट्र. आणि त्यांची पत्रे घराच्या उंबरठ्यावर थांबली नाहीत. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने पुन्हा चाचण्या सुरू केल्या, तेव्हा पॉलिंग यांनी ख्रुश्चेव्ह यांनाही निषेधाचे पत्र लिहिले. केनेडींना लिहिणारी लेखणी क्रेमलिनचा पत्ता लिहिताना थबकली नाही. शांततावादी शास्त्रज्ञाची हीच कसोटी आहे.

कोसंबींचे टेबल

आपल्याकडेही असा एक माणूस होऊन गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, शिक्षण हार्वर्डचे, वास्तव्य पुण्याचे आणि नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबई गाठायची, हा त्यांचा परिपाठ. गणित, जुनी नाणी, पाषाणयुगीन हत्यारे आणि संस्कृत सुभाषिते हे सारे एकाच माणसाच्या टेबलावर नांदत होते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केली. विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोशा'चे वा. वि. गोखले यांच्यासह केलेले संपादन १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाले. आणि याच वर्षांत हा गणितज्ञ जागतिक शांतता परिषदेच्या कामातही गुंतलेला होता.

कोसंबी मार्क्सवादी होते. त्यांच्या इतिहासमीमांसेशी आमचे मतभेद जुने आहेत आणि ते कायम आहेत. परंतु मतभेदाने डोळे झाकू नयेत. होमी भाभांसारख्या प्रतापी संचालकाच्या संस्थेत राहून अणुऊर्जेच्या खर्चिक स्वप्नाऐवजी सूर्याच्या ऊर्जेकडे वळा, असे सांगण्याची हिंमत त्यांच्यात होती. १९६२ मध्ये त्या संस्थेतील त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही. आज देशाच्या गावागावांत छपरांवर सौरपट्ट्या चढत असताना, या एका बाबतीत कोसंबी काळाच्या पुढे होते हे प्रांजळपणे मान्य करायला हवे.

मात्र ज्या परिषदेच्या व्यासपीठावर ते उभे होते, ती पॉलिंग यांच्या कसोटीला उतरत नाही. त्या चळवळीने १९५० मध्ये स्टॉकहोमचे आवाहन काढले आणि अण्वस्त्रबंदीसाठी जगभर सह्या गोळा केल्या. पण तिचे पोषण मॉस्कोतून होत होते. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, तेव्हा या परिषदेला एकमुखाने निषेधही करता आला नाही. पत्रे असंख्य निघाली, पण एका पत्त्यावर मात्र ती पोहोचत नव्हती. कोसंबींची विद्वत्ता निर्विवाद आहे. दोष आहे तो अशा एकाक्ष चळवळीचा. आणि श्रीवर्धनच्या त्या शाळेत आलेले पाहुणे पॉलिंग यांचे नाव घेऊन प्रत्यक्षात हाच वारसा चालवत होते.

आणखी एका शास्त्रज्ञाचे पत्र

शास्त्रज्ञांच्या पत्रांविषयी बोलायचेच, तर एक पत्र या मुलांना कोणीच सांगितले नाही. १९७४ मध्ये, भारताच्या पहिल्या अणुस्फोटानंतर, नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या अब्दुल कादिर खान या धातुशास्त्रज्ञाने झुल्फिकार अली भुत्तो यांना पत्र लिहून आपली सेवा देऊ केली. पुढे युरेनियम समृद्धीकरणाच्या यंत्रांचे चोरलेले आराखडे घेऊन तो पाकिस्तानात परतला. ४ फेब्रुवारी २००४ रोजी त्याने दूरचित्रवाणीवर येऊन अणुतंत्रज्ञान परदेशांना पुरवल्याची कबुली दिली. इराण, लिबिया आणि उत्तर कोरिया हे त्याचे गिऱ्हाईक होते.

हे घडत असताना जगाचे पहारेकरी काय करत होते? अमेरिकेने १९८५ मध्ये कायदा केला. पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असे प्रमाणपत्र अध्यक्षांनी दरवर्षी द्यावे, तरच मदत मिळेल. अफगाणिस्तानात रशियाविरुद्ध पाकिस्तानची गरज होती, तोवर ते प्रमाणपत्र बिनबोभाट मिळत राहिले. सोव्हिएत फौजा १९८९ मध्ये माघारी गेल्या आणि १९९० मध्ये प्रमाणपत्र अचानक बंद झाले!

श्रीवर्धनकरांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रे व स्फोटके उतरली. दोन्ही ठिकाणे याच तालुक्यातली. किनाऱ्यावर कायदा होता, चौकी होती, गस्तीचे कागदही होते. पण ज्यांनी डोळे उघडे ठेवायचे, त्यांतल्या काहींनी पैसे घेऊन ते मिटले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मारली गेली. पुढे टाडा न्यायालयाने कस्टम आणि पोलीस खात्यातील काही जणांनाही दोषी ठरवले. अणुबॉम्बने शेखाडीची ती रात्र टळली नसती, हे उघड आहे. ती टळली असती प्रामाणिक पहाऱ्याने. कराराचेही तसेच असते. पहारेकरी सौदा करणारा असेल, तर करार म्हणजे नुसता शिक्का मारलेला कागद.

भारताची पत्रे कोणी वाचली?

भारताने जगाला पत्रे लिहिली नाहीत काय? २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी संसदेत अणुचाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. नेहरूंच्या कितीतरी धोरणांवर आम्ही टीका केली आहे, पण हे श्रेय त्यांचेच. त्यांच्याच सूचनेवरून डॉ. दौ. सिं. कोठारी यांनी अणुस्फोटांच्या परिणामांवर १९५६ मध्ये अभ्यासपूर्ण ग्रंथ सिद्ध केला. आइन्स्टाइन, रसेल आणि पॉलिंग यांच्या सह्या असलेल्या १९५५ च्या जाहीरनाम्यानंतर शास्त्रज्ञांची पहिली परिषद भारतातच भरायची होती. सुएझच्या संकटामुळे ती बारगळली आणि १९५७ मध्ये कॅनडातील पगवॉश या खेड्यात भरली. ९ जून १९८८ रोजी राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत टप्प्याटप्प्याने, कालबद्ध आणि सर्वांना समान अशा निःशस्त्रीकरणाचा आराखडा ठेवला.

उत्तर काय आले? १९६८ च्या अण्वस्त्र प्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेल्यांना कायमचे मानकरी ठरवले. चीनचा स्फोट ऑक्टोबर १९६४ चा, म्हणून चीन माजघरात. भारत संयमाने थांबला, म्हणून भारत ओसरीवर. मोठ्यांनीही निःशस्त्रीकरणाची बोलणी करावीत, असे त्याच कराराचे सहावे कलम सांगते. ते कलम अर्धशतकाहून अधिक काळ धूळ खात पडले आहे. १९९६ मध्ये जिनिव्हात चाचणीबंदीच्या पक्षपाती मसुद्याला अरुंधती घोष यांनी भारताच्या वतीने ठाम नकार दिला, तेव्हा आम्हालाच शांततेचे शत्रू ठरवण्यात आले. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने तोच करार फेटाळला आणि २०२३ मध्ये रशियाने आपली मान्यता काढून घेतली. तेव्हा किती शाळांतून वॉशिंग्टनला आणि मॉस्कोला पोस्टकार्डे गेली?

निःशस्त्र माणसाची साक्ष

'कोणीतरी पहिले पाऊल उचललेच पाहिजे,' असा युक्तिवाद यावर केला जातो. ते पाऊल युक्रेनने उचलले. सोव्हिएत संघाकडून वाट्याला आलेली हजारो अण्वस्त्रे युक्रेनने देऊन टाकली आणि डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला रशिया, अमेरिका व ब्रिटन यांच्या सह्यांचे आश्वासनपत्र घेतले. त्या शस्त्रांची कळ मॉस्कोच्या हाती होती, हे खरे. पण २०१४ मध्ये क्रिमिया गेला, फेब्रुवारी २०२२ मध्ये रणगाडे आले आणि आश्वासनपत्र दप्तरातच राहिले. सिद्दीच्या जाचामुळे भट घराण्याला हेच श्रीवर्धन सोडून घाटावर जावे लागले होते. त्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले, ते सामर्थ्याचा अर्थ पुरता उमगल्यावरच.

याचा अर्थ बॉम्ब ही मिरवण्याची वस्तू आहे, असा नव्हे. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर आम्हीही पेढे वाटले. तो आनंद दडपणातून सुटलेल्या राष्ट्राचा होता. परंतु हिरोशिमातील जळालेल्या लेकरांची आठवण ठेवूनच शस्त्र सांभाळायचे असते. प्रथम वापर न करण्याचे बंधन भारताने स्वतःहून घातले आणि जानेवारी २००३ मध्ये ते आपल्या अधिकृत अण्वस्त्र धोरणात नोंदवले. शस्त्र हाती ठेवून हात आवरणे, हीच खरी क्षमा. दुबळ्याची क्षमा ही निव्वळ नाइलाज असते.

आज जगात सुमारे बारा हजार अण्वस्त्रे आहेत. त्यांतील जवळजवळ नऊ दशांश दोनच देशांकडे. भारताचा वाटा दोनशेच्या आतबाहेर. डोंगर सोडून वारूळ खणायला सांगणाऱ्यांना मुलांनी विचारलाच पाहिजे, तो प्रश्न त्या नववीतल्या मुलीने विचारला.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे. मुलांच्या हातून पोस्टकार्डे काढून घेऊ नका, त्यांना आणखी आठ द्या. अण्वस्त्रधारी देश नऊ आहेत. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन, पाकिस्तान, इस्रायल, उत्तर कोरिया आणि भारत. नऊ पत्रे, मजकूर एकच, "सर्वांनी मिळून, ठरलेल्या मुदतीत, एकमेकांसमोर शस्त्रे मोडा." असे नववे पत्र दिल्लीला गेले, तर त्यावर पहिली सही करायला प्रस्तुत लेखक त्या शाळेत आनंदाने येईल. मात्र केवळ एकच पत्र लिहायला सांगणारा कोणी पुन्हा आला, तर त्याला नम्रपणे, पण ठामपणे विचारा, "बाकीची आठ कुठे आहेत?"