टेलचे पाणी कुठे मुरते?



नीरा डावा कालवा दुष्काळातून जन्मला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनची माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून मेली. त्यानंतर इंग्रज सरकारने हा कालवा खोदला. भाटघरला धरण, वीरला बंधारा आणि तिथून पुरंदर, बारामती, इंदापूर असा सुमारे शंभर मैलांचा पाट. १८८५ साली कालवा सुरू झाला. पाऊस दगा देईल त्या वर्षी ज्वारी-बाजरी वाचावी, हा हेतू होता.

पण पाऊस बरा असला की ज्वारीवाला पाणी मागेना आणि सरकारची पाणीपट्टी वसूल होईना. तिजोरीला बारमाही गिऱ्हाईक हवे होते, ते उसात सापडले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठराविक हिश्श्यातच ऊस, बाकी रानात हंगामी पिके आणि पाणी अनेक गावांत वाटलेले, हा तिचा गाभा. ही शिस्त पुढे टिकली नाही.

भरमसाट पाणी वरच्या शेतकऱ्यालाही महागात पडले. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर डॉ. हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांची पुस्तिका १९१० सालीच निघाली होती. भारी काळ्या जमिनीत निचरा हळू होतो. पाटाची गळती आणि उसाला सोडलेले मोकाट पाणी यांनी जमिनीखालचे पाणी वर चढते. उन्हाने ते उडून जाते, क्षार मात्र वरच राहतात. रान पांढरे पडते. म्हणजे वरचे रान पाण्याने मेले आणि टेलचे पाण्यावाचून!

आपल्या संघटनेत दोघेही आहेत. म्हणून हे भांडण बारामती विरुद्ध इंदापूर असे नाही. प्रश्न एवढाच, की पाणी मोजून मिळणार की वशिल्याने?

२००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मोजून पाणी आणि पिकाचे स्वातंत्र्य दिले. पण मागितल्याशिवाय हक्क पदरात पडत नाही. आपली मागणी तीन कलमी आहे: प्रत्येक चारीच्या तोंडाशी मापक हवा, पाळी टेलकडून सुरू व्हावी आणि चिबड रानांसाठी निचऱ्याचे चर काढावेत.

जिल्हा बैठकीला येताना गावाने चारीची वही आणावी. गेल्या पाळीला पाणी कोणत्या तारखेला आले, किती तास चालले, शेवटच्या रानाला पोचले की नाही, सारे लिहून आणा. तोंडी तक्रार साहेब विसरतात. लिहिलेला हिशेब त्यांना नाकारता येत नाही.