देव्हाऱ्यातलं सायन्स

श्रावण लागला की तो फॉरवर्ड येतोच. वर्षभर डुलक्या काढणारे फॅमिली ग्रुप खडबडून जागे होतात आणि 'आपल्या पूर्वजांचं विज्ञान' सुरू होतं. घंटेच्या नादाने मेंदूचे दोन्ही भाग एका लयीत येतात, कापराने घरातले जंतू मरतात, तुळस चोवीस तास ऑक्सिजन देते, तांब्यातलं तीर्थ म्हणजे तर औषधच! खाली हात जोडलेले पंधरा इमोजी. आणि पाठवणारे कोण? तर बी. ई., एम. टेक. झालेली आपलीच मंडळी.

माझं म्हणणं सरळ आहे. पूजा करायची तर करा, नसेल करायची तर नका करू. पण 'सायंटिफिक आहे म्हणून करतो' हे कारण देऊ नका. त्यात विज्ञानाचा अपमान आहे, पूजेचाही आहे. आणि तिसरं एक नुकसान आहे, ते सगळ्यात मोठं. त्याकडे शेवटी येतो.

आधी विज्ञान. कापूर जळताना खोलीतला ऑक्सिजन वापरतो, आणि देतो काय? कार्बन डायऑक्साइड आणि काजळी. कापूरआरतीची कड एकदा बोटाने पुसून बघा. शिवाय आज बाजारात मिळणारा बराचसा कापूर झाडातून येत नाही, टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. तुळस इतर झाडांसारखीच रात्री ऑक्सिजन घेते, सोडत नाही. सातवी-आठवीचं पुस्तक आहे हो हे! तांब्याचं मात्र खरं आहे. तांब्यावर जिवाणू मरतात, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची तशी नोंदही केली. पण पाण्यातले जिवाणू मरायला ते पाणी तांब्यात कित्येक तास राहावं लागतं. आपलं तीर्थ ताम्हणात असतं जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. वर त्याच ताम्हणात आपण पंचामृताचं दही ओततो. बिनकल्हईच्या भांड्यात दही कळकतं हे कुठलीही आजी सांगेल. आरोग्य ही जर रिक्वायरमेंट असती, तर हे डिझाइन पहिल्याच रिव्ह्यूत उडालं असतं.

बरं, समजा उद्या हे सगळे दावे खरे निघाले. मग? जंतूंसाठी कापरापेक्षा फिनेल चांगलं, हवेसाठी एअर प्युरिफायर चांगला, आणि हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा नाद मोबाइलवर फुकट मिळतो. घ्या की मग हे तिन्ही आणि देव्हारा काढून टाका! नाही काढणार ना? म्हणजे तुमचं खरं कारण वेगळंच आहे. मग तेच सांगा ना. लाज कसली वाटते?

खरं कारण पूजेतच लिहिलेलं आहे. षोडशोपचारांची यादी नुसती वाचा. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र... गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. दारात पाहुणा आला की आपण काय करतो? या म्हणतो, बसायला देतो, पाय धुवायला पाणी देतो, जेवू घालतो. तेच आहे हे. आलेल्या पाहुण्याला पाणी देताना त्यात कुठली खनिजं आहेत म्हणून देतो, असं कोणी म्हणतं का? घंटा वाजवताना जो श्लोक म्हणतात तो स्वतःच कारण सांगतो : देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं. हर्ट्झचा उल्लेख नाही. आणि सगळं झाल्यावर क्षमाप्रार्थना असते, तिचा मथितार्थ असा की मला आवाहन कळत नाही, पूजा कळत नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे. जी पूजा 'मला कळत नाही' म्हणून संपते, तिच्या नावावर आपण 'आम्हाला सगळं आधीच माहीत होतं' म्हणून छाती फुगवतो. कमाल आहे!

यावर ठरलेलं उत्तर असतं. "अरे, त्या निमित्ताने नवीन पिढी पूजा करते ना?" नाही करत. ज्या पोराला तुम्ही तुळशीचा ऑक्सिजन शिकवलात, ते शाळेत श्वसनाचा धडा शिकतं. त्या दिवशी एक तर त्याचा पुस्तकावरचा विश्वास उडतो किंवा तुमच्यावरचा. वैज्ञानिक दृष्टी बाळगणं हे १९७६ पासून आपल्या राज्यघटनेत नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. 'वैज्ञानिक' हा शब्द कशालाही चिकटवणं हे ते कर्तव्य नव्हे.

आता ते तिसरं नुकसान. पाळीच्या दिवसांत देव्हाऱ्याजवळ जायचं नाही, हा नियम अजून कितीतरी घरांत आहे. बाराव्या मजल्यावरच्या थ्री बीएचकेतसुद्धा. आजी म्हणायची, "देवाला चालत नाही." निदान तिच्याशी वाद घालता यायचा. कुठल्या देवाला? कोणी सांगितलं? आता फॉरवर्ड सांगतो की त्या दिवसांत शरीरातली ऊर्जा खाली वाहते, पूजेतली ऊर्जा वर, म्हणून हे तुमच्याच भल्यासाठी आहे. ही ऊर्जा कोणत्या एककात मोजतात ते विचारू नका. अन्यायाला लॅबकोट घातला की तो 'काळजी' होतो, आणि विचारणारी मुलगी अडाणी ठरते.

मग गौरी-गणपती जवळ आले की तीच मुलगी किंवा सून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते. अनेकदा डॉक्टरला न विचारता, कोणीतरी नाव सांगितलं म्हणून. ती हार्मोन्स असतात. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आहे त्यांच्यासाठी ती जिवावर बेतू शकतात. या सगळ्या प्रकरणात खरंखुरं विज्ञान जर कुठे असेल, तर ते त्या गोळीच्या पाकिटातल्या बारीक अक्षरांतल्या कागदावर आहे. आणि तेवढंच कोणी फॉरवर्ड करत नाही.

असो. यंदाही फॉरवर्ड येईलच. हात जोडायच्या आधी एवढंच करा : घरातल्या कोणी "का?" विचारलं तर "मला आवडतं", "माझी श्रद्धा आहे", "आई करायची म्हणून मी करतो" यातलं जे खरं असेल ते सांगा. आणि जिथे यातलं एकही उत्तर देता येत नाही, फक्त 'ऊर्जा' आठवते, तो नियम या गणपतीच्या आत घरातून काढून टाका.