विश्लेषण : बीजगणिताच्या पहिल्या तासाला नियमांचा कागद का हवा?

कॉलेज सुरू होतं, गणिताचे सर किंवा मॅडम वर्गात येतात, फळ्यावर 'युनिट १' लिहितात आणि मॅट्रिक्स सुरू होतात. या विषयात पास व्हायला नेमकं काय लागतं, हजेरी कशी मोजतात, अंतर्गत गुण कशाचे, अडलं तर विचारायचं कुणाला, याबद्दल त्या तासाला फारसं कुणी बोलत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या अनेक मुलामुलींना ही माहिती मिळते ती डिटेन्शनची यादी नोटीस बोर्डावर लागल्यावर. हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अनेकांचं एक वर्ष त्यात जातं. म्हणून तो समजून घ्यायला हवा.

कॉलेजचं बीजगणित म्हणजे नेमकं काय?

दहावीच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत गणित भाग १, म्हणजे बीजगणित, ४० गुणांचं असतं. भूमितीला ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण. त्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी असतं. पुढे बीएस्सीला किंवा इंजिनीअरिंगला गेलं की हाच विषय मॅट्रिक्स, समीकरणांच्या प्रणाली, संमिश्र संख्या अशा रूपात भेटतो. इंजिनीअरिंगच्या मुलांमध्ये त्याचं नाव एकच : एम-वन.

दोन्हींतला फरक केवळ अवघडपणाचा नाही. दहावीला कॅल्क्युलेटर चालत नाही, बारावीला लॉग टेबल हाताशी असतं, आणि इंजिनीअरिंगच्या विद्यापीठ परीक्षेत साधा, प्रोग्रॅम न करता येणारा कॅल्क्युलेटर चालतो. शाळेत पुस्तक एकच असतं, ते बालभारतीचं. इथे 'रेफरन्स बुक' चार असतात आणि चारही इंग्रजीत. शाळेत गृहपाठ केला नाही तर बाई विचारायच्या. इथे कुणी विचारत नाही, फक्त सत्राअखेर गुण कमी दिसतात. खेळ बदललेला असतो, पण बदललेले नियम कुणी सांगितलेले नसतात.

नियम मग नसतातच का?

असतात, आणि चांगले तपशीलवार असतात. इंजिनीअरिंग कॉलेजातल्या प्रत्येक विषयाची एक 'कोर्स फाईल' असते. तिच्यात विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं याची यादी, तासांचं नियोजन, मूल्यमापनाची पद्धत, संदर्भ पुस्तकं हे सगळं असतं. नॅक किंवा एनबीएची समिती यायची असली की या फायली नीट लावल्या जातात.

म्हणजे अपेक्षा लिहिलेल्या आहेत, पण त्या समितीसाठी. ज्याच्याकडून अपेक्षा आहेत त्या पोराच्या हातात तो कागद पडत नाही. पडलाच तर व्हॉट्सॲप ग्रुपवर चाळीस पानांची इंग्रजी पीडीएफ येते आणि ती कुणी उघडत नाही.

हजेरीचा नियम कळत नाही असं कसं होईल?

७५ टक्के हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. त्याचा अर्थ माहीत नसतो. गणित करून बघू.

एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पहिल्या सत्राचं गणित चार क्रेडिटचं आहे : आठवड्याला तीन तास शिकवणी आणि एक तास ट्युटोरियल. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर ६० तास होतात. त्याचे ७५ टक्के म्हणजे ४५. बुडवायची मुभा १५ तासांची.

आता समजा, २० तास झाले आणि एक मुलगी त्यातल्या ११ तासांना हजर होती. म्हणजे ५५ टक्के. तिला ७५ वर यायचं असेल तर यापुढे सलग किती तास बसावं लागेल? हे तास क्ष मानले तर (११ + क्ष) भागिले (२० + क्ष) ही किंमत किमान तीन-चतुर्थांश हवी. सोडवलं की क्ष येतो १६. एकही दांडी न मारता सलग सोळा तास, म्हणजे चार आठवडे. हे तिला २०व्या तासाला कळलं तर ती सावरू शकते. ५०व्या तासाला कळलं आणि तोवर तिची हजेरी ३० असली, तर उरलेले दहाही तास बसून ती ४० वर थांबते. ४५ चा आकडा तिच्या हातातून गेलेला असतो.

यात गंमत अशी की हे दहावीतलंच समीकरण आहे. पहिल्या तासाला हेच उदाहरण फळ्यावर सोडवलं तर नियमही कळेल आणि बीजगणिताची उजळणीही होईल.

वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न वेगळा का आहे?

हिंगणघाट, पुलगाव, सिंदी या गावांना रेल्वे आहे. आर्वी, आष्टी, कारंजा भागातून वर्ध्याला किंवा सेवाग्रामला रोज येणाऱ्या पोरांचा भरवसा एसटीवर. सकाळची गाडी चुकली की पहिला तास गेला. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप होता, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. पहिला तास गणिताचा असेल तर गैरहजेरी गणितातच साचते. गाडी उशिरा आल्याची नोंद कुठे करायची, ती धरली जाते का, वैद्यकीय कारण असेल तर कागद किती दिवसांत द्यायचा, कॅप राउंडमधून उशिरा प्रवेश मिळाला तर हजेरी कुठल्या तारखेपासून मोजायची, या प्रश्नांची उत्तरं ज्याला माहीत असतात तो वाचतो. आणि ती माहीत असतात कुणाला? ज्याचा मोठा भाऊ आधी त्याच कॉलेजात शिकून गेला, ज्याचे वडील प्राध्यापक आहेत, जो वर्ध्यातच राहतो, त्याला.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्याला विचारायला माणूस नसतो. सर रागावतील म्हणून तो सरांनाही विचारत नाही. नियम सगळ्यांना सारखाच असतो, पण न सांगितलेला नियम सगळ्यांना सारखा लागत नाही. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे.

मी स्वतः इंजिनीअरिंग केलं. अंतर्गत गुणांत ट्युटोरियलच्या वहीचा वाटा असतो हे मला पहिल्या सत्राच्या शेवटच्या आठवड्यात रूममेटकडून कळलं. त्या रात्री आम्ही तिघांनी एकाच वहीवरून बारा ट्युटोरियल उतरवली. गुण मिळाले, गणित मात्र आलं नाही. ते पुढच्या वर्षी बॅकलॉग काढताना शिकावं लागलं.

आता हा विषय काढण्याचं कारण काय?

दोन बदल झालेत. पहिला, राज्य सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. फी भरता येत नाही म्हणून थांबलेल्या मुलींना वाट मोकळी झाली. पण फी माफ होते, एम-वन माफ होत नाही. फीसाठी सरकार खर्च करणार आणि मुलगी एका न सांगितलेल्या नियमावर अडकणार, हे कुणालाच परवडणारं नाही.

दुसरा, ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद गाजली. दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण किमान २० गुण असतील तर शेरा देऊन अकरावीला जाऊ द्यायचं, मात्र पुढे गणित-विज्ञानावर आधारित शिक्षण घेता येणार नाही, अशी ती कल्पना. तिच्या बाजूने आणि विरोधात भरपूर बोललं गेलं. ते योग्यच झालं. पण एवढी चर्चा होऊ शकली ती अट आणि तिचा परिणाम कागदावर स्पष्ट होता म्हणून. कॉलेजातल्या अटींवर अशी चर्चा होत नाही, कारण त्या समोरच येत नाहीत.

बाहेर काय करतात?

अमेरिकेत 'कॉलेज अल्जिब्रा' नावाचा पहिल्या वर्षाचा पेपर असतो. त्यातला बराच भाग आपल्या दहावी ते बारावीच्या बीजगणितासारखा. तिथेही तो नापासांसाठी बदनाम आहे. पण पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला एक कागद मिळतो. गृहपाठ उशिरा दिला तर किती गुण जातील, परीक्षा बुडाली तर पुन्हा देता येईल का, कॅल्क्युलेटर कोणता चालेल, कॉपी कशाला म्हणायचं आणि शिक्षक शंका सोडवायला कोणत्या वारी किती वाजता बसतील, हे सगळं त्यात असतं.

अर्थात कागदाने सगळं सुटत नाही, हेही तिथेच दिसलं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये तीन कॉलेजांत एक प्रयोग केला. गणितात कच्च्या ठरलेल्या विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं गटांत वाटलं. नेहमीचं पायाभूत बीजगणित घेतलेल्यांपैकी ३९ टक्के पास झाले. थेट कॉलेजचं संख्याशास्त्र आणि सोबत दर आठवड्याला सरावाचा जादा वर्ग मिळालेल्यांपैकी ५६ टक्के पास झाले. कॅलिफोर्नियाने तर २०१७ मध्ये कायदाच केला : कम्युनिटी कॉलेजांनी प्रवेश परीक्षेवरून मुलांना खालच्या वर्गात अडकवू नये, शाळेतले गुण बघावेत.

यातून घ्यायचं ते एवढंच, की अपेक्षेबरोबर मदतही लिहून द्यावी लागते. फक्त अपेक्षा लिहिली तर ती धमकी होते.

आपल्याकडे याची काही परंपरा आहे का?

आहे, आणि एक तर वर्ध्यातलीच आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद झाली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. त्यात मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह होता. गणित कशासाठी शिकायचं हेही साध्या शब्दांत मांडलेलं होतं : हस्तव्यवसायात, घरात आणि गावात पडणारी गणितं सोडवता यावीत म्हणून. अपेक्षा कुणालाही कळेल अशी.

दुसरी परंपरा आणखी जुनी. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा. 'लीलावती' आणि 'बीजगणित' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण मठाच्या खर्चासाठी बाजारातल्या मालावर कुणी किती द्यायचं, हा व्यवहाराचा भाग मराठीत आहे. ज्याने नियम पाळायचा, त्याच्या भाषेत नियम. आठशे वर्षांपूर्वी दगडावर जे जमलं ते आज एका ए-फोर कागदावर जमायला हरकत नसावी.

प्राध्यापकांची बाजू काय?

ती दुर्लक्षून चालणार नाही. अभ्यासक्रम, परीक्षा आणि गुणांची विभागणी विद्यापीठ ठरवतं. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची २०, २० आणि ६० गुणांची पद्धत वर्गातल्या शिक्षकाला बदलता येत नाही. वर्गात साठ-सत्तर मुलं असतात. बऱ्याच ठिकाणी गणित शिकवणारे तासिका तत्त्वावर असतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे, शंका सोडवायला बसलेल्या तासाचे नाहीत. अशा शिक्षकाकडून 'रोज चार ते पाच मी केबिनमध्ये आहे' असं लिहून मागणं अन्याय आहे. तो तास कॉलेजने मोजायला हवा आणि त्याचे पैसे द्यायला हवेत.

'लिहून दिलं तरी पोरं वाचत नाहीत' हा दुसरा आक्षेप. चाळीस पानं वाचत नाहीत, हे खरं. एक पान वाचतील. आणि पहिल्या तासाला मोठ्याने वाचून दाखवलं तर प्रश्नच मिटतो.

त्या कागदावर काय असावं?

एकच पान, मराठीत. तांत्रिक शब्द इंग्रजीतले चालतील, वाक्यं मराठी हवीत. एआयसीटीईने पहिल्या वर्षाची इंजिनीअरिंगची पुस्तकं मराठीत आणलीत, मग नियम मराठीत द्यायला अडचण नसावी. त्यात सात गोष्टी असाव्यात :

१. आधीचं काय यायलाच हवं : वर्गसमीकरण सोडवणं, घातांक, अपूर्णांक. येत नसेल तर उजळणीचा वर्ग कधी.

२. हजेरी कशी आणि कुठल्या तारखेपासून मोजणार, आणि दर महिन्याला आकडा कुठे लागणार.

३. गुणांची विभागणी. अंतर्गत आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, याचं स्पष्ट उत्तर.

४. ट्युटोरियल कधी द्यायचं, उशीर झाला तर काय.

५. कॅल्क्युलेटर आणि मोबाइल. फोटो काढला की गणित सोडवून देणारी ॲप आता प्रत्येकाकडे आहेत. ती उत्तर तपासायला चालतील की नाही, हे लिहा. गप्प राहणं म्हणजे परवानगी असंच मुलं समजतात.

६. शंका कुणाला, कधी, कुठे विचारायची.

७. शिक्षक आणि कॉलेज काय देणार : तपासलेला पेपर किती दिवसांत परत मिळेल, बुडालेला तास भरून निघेल का.

सातवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे नियम म्हटलं की ते फक्त विद्यार्थ्याला असतात. समीकरणाला दोन बाजू असतात. डाव्या बाजूला ७५ टक्के हजेरी मागायची तर उजव्या बाजूला तपासलेली वही आणि शंकेचा एक तास हवाच.

यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. विद्यापीठाच्या परवानगीची वाटही बघावी लागत नाही. विभागप्रमुखाने ठरवलं तर पुढच्या सत्राच्या पहिल्या तासाला हा कागद वाटता येईल. आणि नाही वाटला, तर विद्यार्थ्यांनी तो मागावा. वरचे सात प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून न्या आणि पहिल्या तासाला सरांना, मॅडमना विचारा. हात वर करायला संकोच वाटेल. पण तुमच्या मागच्या बाकावर, पहिल्या गाडीने आष्टीहून आलेली एक मुलगी त्या उत्तरांची वाट बघत असेल.