‘उप’चा उपद्व्याप

सरकारी कचेरीत ‘उप’ हा उपसर्ग पोकळ नसतो. उपसचिवाने कोणत्या नस्तीवर निर्णय द्यावा आणि कोणती वर पाठवावी, हे लेखी ठरलेले असते. उपमुख्यमंत्र्याचे अधिकार मात्र कोठे लिहिले आहेत? राज्यघटनेच्या ६३ व्या कलमात उपराष्ट्रपती आहे; १६४ व्या कलमात मुख्यमंत्री आणि इतर मंत्री आहेत, उपमुख्यमंत्री नाही.

तरीही महाराष्ट्रात १९७८ साली नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले आणि २०२३ साली तर एकाच वेळी दोघे झाले. गुरुग्राम ज्या हरयाणात आहे, तेथील देवीलालांनी १९८९ साली शपथ घेताना ‘उपप्रधानमंत्री’ असा उच्चार केला, तेव्हा राष्ट्रपती वेंकटरमण यांनी ‘मंत्री’ अशी दुरुस्ती सुचविली. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली हेच सांगितले : उपमुख्यमंत्री हा अखेर मंत्रीच, ही केवळ उपाधी, म्हणून घटनाभंग नाही. आमची तक्रार नेमकी तीच आहे. जी केवळ उपाधी, ती जनतेपुढे पद म्हणून का मिरवावी?

कोणी म्हणेल, संयुक्त सरकारात मित्रपक्षाचा मान राखावा लागतो. अवश्य राखावा, त्यासाठी खाती आहेत. अमेरिकेतील नवाहो आदिवासींच्या शासनातही उपाध्यक्ष असतो. पण मतदार त्याला अध्यक्षाबरोबरच निवडून देतात आणि अध्यक्षपद रिक्त झाल्यास तोच त्या जागी येतो. आपल्याकडे मुख्यमंत्रिपद रिक्त झाले, तर उपमुख्यमंत्र्याला त्यावर कसलाही हक्क नाही.

तेव्हा एक तर घटनेत या पदाला कलम द्यावे, नाही तर दारावरची पाटी उतरवावी.