पगाराच्या पोटातली शांतता

निवृत्तीनंतर माणूस कोणता उद्योग आरंभील याचा नेम नाही. मी स्पॅनिश शिकायला बसलो आहे. गुरू कोण, तर कॉलेजात जाणारी नात!

पहिला शब्द निघाला ‘पान’, म्हणजे पाव. दुसरा ‘यावे’, म्हणजे चावी. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या लॅटिनच्या लेकी. त्यांतल्या पोर्तुगीजने १५३४ ते १७३९ एवढा काळ आपल्या वसईत संसार केला. पाव आणि चावी तिनेच आपल्या घरात आणून ठेवले.

व्याकरणाची धास्ती होती, पण तिथेही माहेर भेटले. ‘मे गुस्ता एल पान’ म्हणजे ‘मला पाव आवडतो’. बटाटे असतील तर ‘मे गुस्तान लास पातातास’, ‘मला बटाटे आवडतात’. आवड माझी, पण क्रियापद जुळते पावाशी आणि बटाट्यांशी. इंग्रजी माणूस इथे अडखळतो. आपण सहज पुढे जातो. आदराने बोलायचे तर ‘उस्तेद’. त्याचे मूळ ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनात आहे.

मग आला ‘पागार’. हे क्रियापद. अर्थ, देणे चुकते करणे. ‘पागो’ म्हटले की ‘मी देतो’, ‘पागास’ म्हटले की ‘तू देतोस’. मी-तू वेगळे सांगायला नको. आपला ‘पगार’ याच शब्दाच्या पोर्तुगीज भावंडाकडून आलेला. पण लॅटिनमध्ये याच्या मुळाचा अर्थ होता ‘शांत करणे’. ज्याचे येणे आहे, त्याचे चित्त शांत करणे! शांततेला स्पॅनिशमध्ये ‘पास’ म्हणतात, तोही याच कुळातला.

सारा जन्म बँकेत पगाराचे आकडे पाहिले, पण हे ठाऊक नव्हते. आणि एकदम जव्हार आठवले.

तेव्हा जव्हार ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. मी तिथल्या एका शाखेत होतो. ऐन पावसाळ्यात मोखाड्याकडचा एक गृहस्थ भाताच्या बियाण्यासाठी कर्ज मागायला आला. उन्हाळाभर वीटभट्टीवर राबलेला. मी विचारले, “पगार किती?”

तो म्हणाला, “पगार नाय साहेब. उचल.”

अर्जातल्या उत्पन्नाच्या रकान्यात मी आडवी रेघ ओढली. त्याला काय सांगायचे होते, ते विचारलेसुद्धा नाही.

दिवाळीच्या आगेमागे उचल घ्यायची, बायकापोरांसह भट्टीवर जायचे, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढायचे आणि पावसाच्या तोंडावर हिशेब. वही मालकाकडे. कधी हातात काही पडते, कधी उलट बाकी निघते आणि पुढचे वर्षही गहाण पडते. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली गेली. रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले. त्याचे कारण हेच, की उशिरा मिळालेला दाम भूक भागवीत नाही.

भट्टीवरचा हिशेब दर आठवड्याला व्हावा, त्याची एक प्रत मजुराच्या हाती असावी आणि ती त्याला वाचून दाखवली जावी, एवढे तरी आपण मागू शकतो. बँकेतल्या माझ्यासारख्यांनी रेघ ओढण्याआधी एक प्रश्न जास्त विचारावा.

नात म्हणते, “आजोबा, ‘पागार’ चालवून दाखवा.” मी म्हणतो, “पागो, पागास, पागा...” तिसऱ्या रूपाचा अर्थ ‘तो देतो’. तिथे मला तो मोखाड्याचा माणूस आठवतो. त्याचे देणे कुणी दिले होते का, कोण जाणे.