फुटक्या भाणाचा डाख

काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. आनंद आहे. परंतु ज्या तांब्याच्या भाणात ती उकळते, त्याची किंमत मात्र आज मोडीच्या तराजूवर ठरते, आणि त्याविषयी आमचे वारसाप्रेमी चकार शब्द काढत नाहीत.

बेळगाव-चंदगडकडील वाचकांसाठी सांगतो, भाण म्हणजे भट्टीवरचे पोटाळ भांडे. खाली जाळ, आत आंबलेला काजूचा रस. वर्षानुवर्षे हे सोसून बूड पातळ होते आणि एके दिवशी गळू लागते. मग कोणी भाण मोडीत घालून जुने लोखंडी पिंप आणतो, कोणी रेडिओ दुरुस्तीच्या डाखाने भोक बुजवतो. या दोहोंना माझा विरोध आहे.

'एवढ्याने काय होते?' असे मला भट्टीवाल्यांपेक्षा पिणारेच अधिक विचारतात! त्या साध्या डाखात कथलाबरोबर शिसे असते, पुष्कळदा चाळीस टक्के. आम्लाने शिसे सुटते. वाफ जिथे थंड होते त्या नळीच्या सांध्याला हा डाख असेल, तर ते थेट उर्राकात उतरते आणि जिभेला कळतही नाही. हे ज्ञान काही कालपरवाचे नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने रम गाळताना शिशाची टोपी व नळी वापरण्यास १७२३ सालीच कायद्याने मनाई केली होती. तरीही विसाव्या शतकात अमेरिकेतील चोरट्या भट्ट्यांनी मोटारींचे जुने रेडिएटर नळीच्या जागी जोडले, आणि त्यांच्या डाखातले शिसे पिणाऱ्यांच्या अंगात भिनले. पिंपाची कथा निराळी नाही. जस्ताचा मुलामा आम्लात विरघळतो. शिवाय त्यात पूर्वी तेल होते की कीटकनाशक, हे मोडवाला कुठून सांगणार?

मग जुने भांडे वापरूच नये काय? छे! तांब्यासारखा दुरुस्तीला वश होणारा धातू नाही. ठिगळ तांब्याचेच हवे. झाळ चांदीची, पण कॅडमियम नसलेली. नाहीतर रिपीट मारून वर निव्वळ कथील. मग रात्रभर पाणी भरून ठेवावे, दुसऱ्या दिवशी ते उकळून ओतून द्यावे, आणि नंतरच रस घालावा. स्टेनलेस स्टीलचे भांडे निर्धोक आहे, हे मी मान्य करतो. पण वाफेतला गंधकाचा उग्र वास तांबे धरून ठेवते, स्टीलला ते साधत नाही.

बाटलीवर सोनेरी चिठ्ठी छापायला पैसा आहे, तांबटाच्या मजुरीत मात्र घासाघीस! माझी मागणी साधी आहे. भट्टीचे परवाने देणाऱ्या खात्याने हंगामापूर्वी प्रत्येक भाणाचा आणि नळीचा सांधा तपासावा, आणि दुरुस्तीचा अर्धा खर्च सोसावा. हे काम जानेवारीत व्हायला हवे. मार्चमध्ये बोंडे पडू लागली की भट्टीवाला तांबटाची वाट पाहत बसत नाही.